पान मिटेपर्यंत

पुण्याहून कर्जतेस जाण्याला प्रवास म्हणावे काय, असा प्रश्न कोणीही करील. सकाळी आगगाडीत बसावे, घाट उतरावा आणि जेवणाच्या वेळेस कर्जतेस पोचावे. यात लिहिण्यासारखे फारसे नाही. परंतु त्या बाजूला मी एकोणीस वर्षे गेलो नव्हतो आणि यंदा भाद्रपदात तीन दिवस जाऊन आलो. ज्यांनी तो मुलूख पाहिला नाही त्यांना त्याची थोडी ओळख व्हावी, आणि तेथे माझ्या हातून जे घडले ते एकदा कागदावर यावे, एवढ्यासाठी हे लिहितो.

जुनी हकीकत आधी सांगितली पाहिजे, नाही तर पुढचे समजणार नाही.

तरुणपणी मी शाळा तपासण्याच्या कामावर होतो. लोक आम्हाला डिप्टी म्हणत. कर्जत-खालापुराकडचा भाग माझ्याकडे होता. तेथे डोंगराच्या पायथ्याशी एका गावी धोंडू मास्तर म्हणून शिक्षक होते. गावाचे नाव लिहीत नाही. दोष माझा आहे, बोट गावाकडे जायला नको. मास्तर माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान, तिथल्याच शेतकरी घरातले. डिप्टी येणार म्हटले की त्या काळी गावाकडून शिधा येई, आणि आम्ही आपला स्वयंपाक आपण करून जेवत असू. त्या दिवशी तांदूळ, वालाची डाळ, तूप आणि जळण मास्तरांनी स्वतः डोक्यावरून आणून दिले.

मग वर्गात वस्तुपाठ झाला. एखादी वस्तू मुलांसमोर ठेवून तिच्याविषयी शिकवायचे, असा तो पाठ असे. दुसरे शिक्षक शिंपला, कापूस, फार तर लोहचुंबक ठेवीत. धोंडू मास्तरांनी पळसाच्या द्रोणात मातीसकट एक वीतभर उंचीचे रोप आणले होते. दोऱ्यासारखी बारीक पाने, त्यांवर तांबूस केस, आणि केसाकेसाच्या टोकाला पाण्याचा थेंब. मास्तर म्हणाले, “मुलांनो, हे झाड माशी धरतं. मग पान तिच्यावर मिटतं आणि तिला खातं.”

मला हसू आले. मी खिशातले घड्याळ काढून टेबलावर ठेवले आणि म्हणालो, “खाऊ द्या.” मास्तरांनी एक चिलट पानावर सोडले. ते चिकटले. दहा मिनिटे झाली, पान काही हलले नाही. मास्तर म्हणाले, “साहेब, याला संध्याकाळपर्यंत वेळ लागतो. आज राहा.”

मला दुपारी पुढच्या गावची शाळा तपासायची होती. आणि खरे सांगायचे तर मुलांसमोर त्या माणसाने मला थांबायला सांगावे, हेच मला आवडले नाही. मी त्यांना म्हणालो, “तुम्ही सांगितलं ते खोटं आहे, असं या मुलांना आत्ता सांगा.” त्यांनी द्रोण उचलून बाजूला ठेवला. मग त्यांनी तसे सांगितले. मुले हसली. मी त्यांनी आणलेल्या तांदळाचा भात जेवलो, शेरेबुकात शेरा लिहिला आणि घोड्यावर बसून निघून गेलो. त्या शेऱ्यावरून पुढे त्यांची जागा गेली, हे मला नंतर कचेरीत कळले. कळले तेव्हा मला वाईटसुद्धा वाटले नव्हते.

हल्ली मी पुण्यास शाळेच्या पुस्तकांची मुद्रिते तपासतो. दोन वर्षांपूर्वी एका पुस्तकात पाठ आला. ओल्या, निकस जमिनीत वाढणाऱ्या काही वनस्पती आपल्या चिकट पानांनी कीटक पकडतात व त्यांचा रस शोषून घेतात. विलायतेतल्या विद्वानांनी याचे प्रयोग केले आहेत, असे त्यात होते. सोबत चित्र होते. तोच द्रोण माझ्यापुढे कोणीतरी पुन्हा आणून ठेवल्यासारखे झाले. मी एक स्वल्पविराम सुधारला आणि कागद पुढे पाठवला.

दोन वर्षे मी काही केले नाही. पत्र लिहायला घेई आणि मायन्यातच अडे. पत्नी वारली, मुलगी सासरी आहे; बिऱ्हाडात मी एकटाच. घरात बोलायला माणूस असले की अशा गोष्टी मागे पडतात. माझ्याकडे त्या मागे पडायला जागाच नव्हती.

कर्जतेहून पुढे

कर्जतेस उतरल्याबरोबर घाटावरच्या माणसाला पहिली गोष्ट जाणवते ती हवा. पुण्याचा भाद्रपद कोरडा व्हायला लागलेला असतो. इथे अंगरखा पाठीला चिकटतो आणि जमीन, भिंती, बैलांची शिंगे, सगळे घामेजलेले दिसते. स्टेशनात कोळशाचा वास. बाहेर पडून दोनशे पावले गेले की तो संपतो आणि भाताचा वास सुरू होतो. भात निसवून लोंब्या यायला लागल्या की त्याला एक गोडसर, दुधट वास येतो, तो आमच्याकडे ज्वारीच्या रानात कधी मिळायचा नाही.

स्टेशनापाशी दाऊदभाई नावाच्या गृहस्थाची बैलगाडी ठरवली. पन्नाशीचा, दाढी मेंदीने रंगवलेली. बापजादे किनाऱ्यावरचे, हा मात्र इथेच जन्मलेला.

“तुमी कंच्या खात्याचं?” गाडी पळसदरीच्या वाटेला लागल्यावर त्याने विचारले.

“कुठल्याच नाही. असाच चाललोय.”

“असाच कोन येतंय ह्या दिसांत? मोजनीचं न्हवं?”

“नाही.”

“वसुलीचं?”

“नाही रे बाबा.”

“मंग गावात ग्येल्यावर हेच सांगा, पयलंच. नायतर तुमाला बगून लोक गुरं डोंगरात घालवतील.” थोडे पुढे गेल्यावर तो पुन्हा म्हणाला, “कोनाला भेटाया चाललाव?”

“धोंडू मास्तर म्हणून आहेत.”

तो विचारात पडला. मग म्हणाला, “आसा मास्तर मला ठावा नाय. एक माशीमास्तर हाय, पर तो शेती करतो.”

मला वाटले होते, मुले हसली आणि विसरली.

पळसदरीच्या पुढे एक ओढा लागतो. पाणी गुडघाभर होते, पण तळाला गोटे. बैलांना सोपे जावे म्हणून मी खाली उतरलो; दाऊदने नको म्हटले होते. मधोमध पाय सरकला, मी बसलो, आणि डावी चप्पल पाण्याबरोबर गेली. दाऊदने ती जाताना शांतपणे पाहिली.

“दुसरीबी टाका,” तो म्हणाला. “एका चपलेचा मानूस लंगडतोच. आनि खाली जाऊन ज्याला एक घावंल त्याला दोनी घावूं दे.”

मी दुसरीही सोडून दिली. पुण्यात अनवाणी डिप्टी कोणी पाहिला असता तर आठवडाभर चर्चा झाली असती. इथे वाटेत भेटलेल्या चारही माणसांच्या पायांत काही नव्हते, त्यामुळे माझ्याकडे कोणी पाहिलेही नाही. बांधांवर तेरडा फुलला होता, डोंगरावर ढग अर्ध्यापर्यंत उतरलेले, आणि कड्यावरून पाण्याच्या पांढऱ्या रेघा. इतके सुंदर होते की आपण इथे कशाला चाललो आहोत याची मला लाज वाटली.

गावी दुपार कलल्यावर पोचलो. परवा कर्जतेची गाडी गाठून देण्याचे ठरवून दाऊद माघारी गेला. सरळ मास्तरांकडे जाण्याचा धीर झाला नाही, म्हणून मी शाळेत गेलो. इमारत तीच, कौले नवी. शिक्षक नवे, बावीस-तेवीस वर्षांचे, बोलके. पुण्याचा मनुष्य आलेला पाहून त्यांना आनंद झाला. शाळेची जुनी कागदपत्रे पाहता येतील का, असे मी विचारले, तेव्हा त्यांनी शेरेबुकच काढून दिले.

“एक गंमत दाखवतो,” म्हणून त्यांनी पान उघडले. “पूर्वी इथे एक डिप्टी होते. काय झणझणीत लिहिलंय बघा. ‘झाडे माशा खातात अशा भाकडकथा मुलांस सांगणारा इसम शिक्षकाच्या जागेस योग्य नाही.’ मी आल्यावर गावच्या पाटलांनी मला हे पहिल्यांदा दाखवलं. म्हणाले, मास्तर, हे वाचा आणि जपून शिकवा.”

अक्षर वळणदार होते. तेव्हा मला माझ्या अक्षराचा अभिमान होता.

“ते मास्तर कुठे असतात?” मी विचारले.

“डोंगराच्या कडेला घर आहे. चांगला मनुष्य. कोणाशी बोलत नाही फारसा.”

ती रात्र मी मारुतीच्या देवळात काढली.

माळावर

सकाळी मास्तरांच्या अंगणात गेलो. कुडाचे घर, सारवलेले अंगण, पडवीत इरली टांगलेली. इरले म्हणजे पानांचे आणि बांबूचे, पाठीवर घ्यायचे पावसाळी छप्पर. एक मनुष्य पडवीत बसून त्यातले एक दुरुस्त करत होता. केस पांढरे झालेले, खांदे वाकलेले. मी ओळखले नसते.

“मास्तर,” मी म्हणालो.

त्यांनी वर पाहिले, बराच वेळ पाहिले, आणि म्हणाले, “बसा.”

माझी तयारी वाक्यावाक्याची झाली होती. तोंडातून निघाले ते भलतेच. “इकडे माळावर माशी धरणारं एक झाड उगवतं असं ऐकलंय. ते पाहायला आलोय.”

“तसं काही नाही,” ते म्हणाले.

“पण तुम्ही शिकवत होता असं...”

“चूक होती ती माझी. चिकट पान आहे, माशी चिकटते. कोळ्याच्या जाळ्यालाही चिकटते. वाऱ्यानं पान वाकतं, ते मी मिटलं समजलो. तरुण होतो.”

 ते रागावले असतील, बोलणार नाहीत, फार तर हाकलून देतील, इतके सगळे मी धरून चाललो होतो. त्यांनी माझा शेरा खरा मानला असेल, हे माझ्या मनात कधी आले नव्हते.

आतून त्यांची बायको आली. सगुणाबाई. हातात दुधाचे भांडे.

“वाऱ्यानं नाय वाकत,” ती म्हणाली. “मी दर साली बगतंय. गुरं चारताना दुसरं काय काम असतंय?”

“तू गप गं.”

“मी गपच हाय की. पावनं इतक्या लांबून आल्यात तर न्हेऊन दावा. मी न्हेते, तुमी बसा इरलं शिवत.”

शेवटी तिघेही निघालो. ती गुरे घेऊन पुढे, आम्ही मागे. वाट पाऊण तास चढाची. वर गेल्यावर झाडी संपते आणि काळ्या कातळाचा उघडा माळ लागतो. कातळावर बोटभर माती, तीही भिजून लगदा झालेली. पाणी सगळीकडून झिरपत असते. गवत खुरटे. आमच्याकडे अशा जमिनीला कोणी जमीन म्हणणार नाही. तिथेच, पाण्याच्या कडेने, ती रोपे होती.

चित्रात पाहून त्यांची कल्पना येत नाही. दुरून वाटते, गवतावर कोणी तांबडे बारीक रेशीम सांडले आहे. जवळ बसले की प्रत्येक धाग्यावर केस आणि प्रत्येक केसावर थेंब दिसतो. ऊन पडले की सगळे रोप पेटल्यासारखे चमकते. लहान, फिकट गुलाबी फूलही असते, अगदी साधे, जणू त्याचा खालच्या पानांशी काही संबंध नाही.

“ह्याला काय म्हणता?” मी सगुणाबाईंना विचारले.

“नाव कशाला लागतंय? गुरं खात नायत, कुनी उपटत नाय. बगा, येवढं ऊन झालं, बाकीच्या गवताचं दव सुकलं. ह्याचं सुकलं का? मंग ते दव न्हवं.”

विद्वानांच्या प्रयोगाची सुरुवात यापेक्षा निराळी झाली असेल असे मला वाटत नाही.

तिने एक वाकडे झालेले पान दाखवले. आत माशीचे पंख आणि पोकळ टरफल होते. मास्तर म्हणाले, “कोळीही असंच टरफल ठेवतो.” मग ते उकिडवे बसले, गवतातले एक चिलट चिमटीत धरून त्यांनी उलगडलेल्या एका पानावर ठेवले, आणि मागे सरकून बसले.  मीही बसलो.

अशी वाट पाहणे मला माहीत नव्हते. पहिला तासभर मी पानापेक्षा स्वतःच्या मनातली वाक्येच पाहत होतो. चिलटाने धडपड केली, मग थांबले. सगुणाबाईंनी फडके सोडले: तांदळाची भाकरी, वालाच्या बिरड्याची उसळ, आणि माळाच्या उतारावर पिकलेली काकडी. पूर्वी याच गावचा कोरडा शिधा घेऊन मी वेगळी चूल मांडली होती. आता हातावर भाकरी घेतली आणि खाल्ली. तांदळाची भाकरी आपल्या ज्वारीच्या भाकरीसारखी भरदार लागत नाही. मऊ असते, घशाखाली उतरते आणि दोन तासांनी पुन्हा भूक लागते. मी तसे म्हटले, तर सगुणाबाई म्हणाल्या, “मंग दोन तासांनी परत खायाची.”

“केस वाकायला लागले वाटतं,” मास्तर एकाएकी म्हणाले. आवाज बदलला होता. ते गुडघ्यांवर पुढे झाले. मलाही वाटले, चिलटाच्या बाजूचे दोन-तीन केस आत कलले आहेत. किंवा मला तसे वाटावेसे वाटत होते.

आणि पाऊस आला. डोंगराच्या मागून आला, आधी कळलाही नाही. मास्तरांनी इरले त्या रोपावर धरले, पण खालून कातळावरून पाण्याचा लोंढा आला तो रोपांवरूनच गेला. आम्ही एका कपारीत शिरलो. अर्ध्या तासाने पाहिले तर चिलट नव्हते, थेंब नव्हते, पाने ओल्या दोऱ्यांसारखी पडली होती.

कपारीत बसलो असताना मी बोललो. सगळे सांगितले. मीच तो डिप्टी, पुस्तकातला पाठ, ती दोन वर्षे. बोलताना मी जमिनीकडे पाहत होतो.

“ओळखलं मी,” मास्तर म्हणाले. “अंगणात मास्तर म्हणालात तेव्हाच. मला ह्या गावात नुसतं मास्तर कुणी म्हणत नाही.”

“मग तेव्हाच का नाही...”

“काय म्हणायचं?” ते पावसाकडे बघत राहिले. “पहिलं वर्ष मी मनात म्हणत होतो, डिप्टी चुकला. रोज म्हणायचो. मग जागा गेली. मग वाटायला लागलं, एवढा शिकलेला माणूस चुकेल कशाला? माझंच बघणं चुकलं असेल. त्यानंतर मी ह्या माळावर हे बघायला आलो नाही. लाकडं न्यायला आलो तरी खालच्या अंगानं गेलो. ही सांगायची, मी ऐकायचो नाही.”

“ऐकत न्हवतं, वर वरडायचं,” सगुणाबाई म्हणाल्या.

मी त्यांची जागा हिरावून घेतली एवढेच मला ठाऊक होते. त्यांचे डोळे घेतले होते, हे त्या कपारीत कळले.

“मी आज संध्याकाळी देवळात सगळ्यांना सांगतो,” मी म्हणालो. “त्या मुलांतली जी कोणी गावात असतील त्यांच्यासमोर. तुम्ही म्हणाला होता ते खरं होतं असं.”

मास्तर काही बोलले नाहीत. मी त्याला होकार समजलो.

देवळात

दिवे लागायच्या वेळेस दहा-बारा माणसे जमली. मास्तर खांबाला टेकून मागे बसले. आताचे पाटील त्या वर्गात तिसऱ्या रांगेत बसत असत, असे पाटलांनीच मला सांगितले. मी उभा राहिलो आणि बोललो. मी कोण, मी काय केले, आणि झाड खरोखर कीटक खाते, पान मिटते, मास्तर बरोबर होते आणि मी चुकलो होतो.  मला वाटले होते, लोक शंका घेतील, वाद घालतील. मी पाठातली वाक्ये घोकून ठेवली होती.

“रावसाहेब म्हंतात तर खातच आसंल,” पाटील म्हणाले.

“व्हय व्हय,” एकाने मान डोलावली.

“तू कशाला माना हालिवतोस रं? उद्या रावसाहेब म्हनलं झाड कोंबडी खातंय, तरी व्हयच म्हनशील.”

“मंग? त्यानला जास्ती ठावं का तुला?”

सगळे हसले. त्यात वाईट काही नव्हते. एक म्हातारा म्हणाला, “म्हंजी माशीमास्तर खराच व्हता म्हना,” आणि ते नाव ऐकून पुन्हा हसले. मग बोलणे भातावर पडलेल्या किडीवर गेले. कोणी मागे वळून मास्तरांकडे पाहिलेही नाही. दोन पळांत सगळे संपले. एकोणीस वर्षांपूर्वीही इतकाच वेळ लागला होता.

मास्तर उठून बाहेर गेले. मी त्यांच्या मागे गेलो. ते चिंचेखाली थांबले होते.

“एक विचारू?” ते म्हणाले. “आज आपण दोघांनी वर काय बघितलं?”

“पाऊस आला म्हणून...”

“पाऊस आला. पान मिटलेलं तुम्ही बघितलं नाही, मीही नाही. आणि तुम्ही खाली येऊन बघितल्यासारखं सांगितलंत. तेव्हा खोटं म्हणालात ते न बघता. आज खरं म्हणालात तेही न बघता. ह्यांचं काय, तुम्ही म्हणाल ते ह्यांना खरं. तेव्हाही तुमचंच, आताही तुमचंच.”

“पण पुस्तकात...”

“पुस्तक मी वाचलेलं नाही. आणि हिनं दर साली बघितलंय, तिचं नाव घेतलंत का तुम्ही देवळात?”

घेतले नव्हते. माझ्या मनातच आले नव्हते. सबंध दिवसात ज्या एका माणसाला ती गोष्ट खरोखर ठाऊक होती, तिला मी भाकरी देणारी बाई म्हणून सोडून दिले होते.

मास्तर रागाने बोलले नाहीत. रागावले असते तर मला झोप लागली असती.

वेशीपर्यंत

तिसऱ्या दिवशी सकाळी निरोप घ्यायला गेलो तर घराला कडी. अंगणात कोंबड्या, पडवीत माणूस नाही. काल दुरुस्त केलेले इरले जागेवर नव्हते. मी पायरीवर बसून राहिलो. डोंगर स्वच्छ होता. रात्रीतून ढग वर उचलले गेले होते.

बऱ्याच वेळाने मास्तर वाटेने उतरताना दिसले. गुडघ्यापर्यंत चिखल. धाप लागली होती, आणि चेहरा काल होता तसा नव्हता.

“पाहुण्याला वेशीपर्यंत पोचवायला पाहिजे,” ते म्हणाले. “म्हणून आलो.”

त्या बाजूला ही रीत कडक पाळतात. घरी आलेला माणूस, मग तो वैरी का असेना, वेशीपर्यंत एकटा जायचा नाही. आम्ही निघालो. मास्तर सारखे वळून डोंगराकडे पाहत होते.

“वर होतात?” मी विचारले.

“उजाडायच्या आधी गेलो. तीन पानांवर चिलटं ठेवलीत, तीन पानं नुसती ठेवलीत. वारा असला तर सहाही वाकतील.” ते एका दमात बोलत होते. “वरच्या अंगाला मातीचा बांध घातलाय, पाणी आलं तर बाजूनं जाईल. हिला बसवून आलोय. ती बघते ते नीट बघते.”

“वाकलं का काही?”

“आत्ता काही सांगायचं नाही मला.”

वेस म्हणजे दोन दगड आणि एक उंबर. दाऊदची गाडी अजून आली नव्हती. मी म्हणालो, “मास्तर, मी आजचा दिवस राहतो. रजा वाढवून घेईन. दिवसभर तुमच्याबरोबर बसतो.”

हे बोलायला मला किती जड गेले ते त्यांना समजले असावे.

“नको,” ते म्हणाले. “काल बसलो की आपण. तुम्ही शेजारी असलात की मी पानाकडे बघत नाही, तुमच्याकडे बघतो. तुम्हाला काय वाटतंय ते बघत राहतो. असं नाही दिसायचं काही.”

मी वाकून त्यांच्या पायांना हात लावायला गेलो. त्यांनी खांदे धरून मला उभे केले. “हे नको. गावाला वर्षभर बोलायला पुरेल.”

“मग मला क्षमा...”

“ते मागाहून,” ते म्हणाले, आणि त्यांचे लक्ष पुन्हा वर गेले. “आधी हे होऊ दे. ऊन चढायला लागलंय. जातो मी.”

आणि ते गेले. आधी झपझप, मग भाताच्या बांधांवरून जवळजवळ धावत. एक वयस्क मनुष्य असा धावताना मी पूर्वी पाहिला नव्हता. शेतातल्या कोणीतरी हाक मारून काय झाले म्हणून विचारले, तर त्यांनी नुसता हात हलवला. मला वाटले होते, एखादे वेळी वळून पाहतील. झाडीत शिरेपर्यंत ते वळले नाहीत. त्यांच्या डोक्यात आता मी नव्हतो. एकोणीस वर्षे मी तिथे बसून होतो; आज ऊठ न म्हणताच त्यांनी मला उठवले होते.

दाऊद तासाभराने आला. तोवर मी उंबराखाली एकटा होतो. त्या तासात मला फार हलके वाटले, असे लिहिता आले तर बरे झाले असते. हलके वाटले नाही. फक्त आपले इथले काम संपले, आणि ते आपल्या हातून झालेले नाही, एवढे समजले.

इकडे आल्यावर लोक विचारतात, ते पान खरोखर मिटते का? मिटते असे पुस्तकात आहे, आणि सगुणाबाई नावाच्या बाईंनी ते दर वर्षी पाहिले आहे, असे मी सांगतो. तुम्ही स्वतः पाहिले का, म्हटले तर नाही म्हणतो. ज्यांना पाहायचे असेल त्यांनी भाद्रपदात त्या माळावर जावे, सकाळी लवकर, भाकरी बांधून घेऊन, आणि दिवसभर बसावे. मास्तरांच्या फार जवळ मात्र बसू नये.